तलावावरची सौना: ड्रमच्या तराफ्यापासून दगड तापवण्यापर्यंत

विदर्भात सौनाचं, म्हणजे तापवून आत घाम काढत बसायच्या खोलीचं, नाव काढलं की समोरचा आधी मे महिन्याचं विचारतो. बाहेरच पारा ४५ वर असताना आणखी खोली कशाला तापवायची? रास्त आहे. मार्च ते जून तिला हातच लावू नये. पण भंडारा-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बरेचदा १० अंशांखाली उतरतो आणि तलावावर धुकं उभं राहतं. अशा वेळी ८० अंशांच्या खोलीतून निघून थेट पाण्यात उतरायला मजा येते. मोसम फार तर चार महिन्यांचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खिशात किती हात घालायचा ते त्यावरून ठरवा.

सौना म्हणजे वाफारा नव्हे. इथे हवा कोरडी असते, बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळ ७० ते ९० अंश. शेगडीवर रचलेल्या तापल्या दगडांवर मधूनमधून पळीभर पाणी टाकलं की क्षणभर वाफेचा झोत अंगावर येतो आणि विरून जातो. मूळ फिनलंडचं. तिथे साधारण ५५ लाख लोकसंख्येला ३० लाखांच्या आसपास सौना आहेत, आणि ही परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

पाण्यावर सौना बांधताना खोली तापवणं हे सगळ्यात सोपं काम. खरी डोकेदुखी तीन गोष्टींची: वर चढणारं वजन, प्लॅस्टिकच्या ड्रमांवर पेटलेली आग आणि सतत लागणारी ओल. पुढचं सगळं मोजमाप या तिघींना धरून आहे.

आधी पाणी बघा

स्वतःचं मोठं शेततळं असेल तर परवानगीचा त्रास वाचतो, पण अस्तराचा कागद घातलेल्या तळ्यात एक ठिणगी पडली की भोक पडतं, आणि त्या निसरड्या उतारावरून पोहून वर येणंही अवघड. दोर बांधलेली शिडी कायम टाकून ठेवणार असाल तरच त्यात उतरा. मामा (माजी मालगुजारी) तलावावर मासेमारी संस्थेचा ठेका असतो. तलाव ज्याच्या ताब्यात त्याची लेखी परवानगी तर हवीच, पण ढिवर (मासेमार) मंडळींशी आधी बोलून घ्या. जाळी कुठे लागतात, पाण्याखाली ठुंठं (झाडांचे बुडखे) कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

धरणाचं पाणी असेल तर जलसंपदा विभागाकडे जावं लागतं. इंजिन लावलंत की अंतर्गत जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि तपासणी आली, राज्यात ते महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. तोतलाडोह किंवा नवेगाव बांध अशी व्याघ्र प्रकल्पातली पाणी यादीतून आधीच काढून टाका.

गोसीखुर्दचा जलाशय विस्तीर्ण आणि मोहात पाडणारा. मात्र नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि पुढे वैनगंगेत येतं, त्यामुळे या नद्या मिळतात त्या आंभोऱ्याच्या बाजूला बुडी मारण्याचा विचार सोडावा. जलपर्णीही तिथे मातते आणि दोर-नांगराला गुंडाळते. शिवाय पाणी उतरू लागलं की बुडालेल्या झाडांचे शेंडे तराफ्याच्या तळाशी येतात.

तराफा

ढिवरांच्या डोंग्यावर खोली उभी करायचा विचार करू नका. डोंगा अरुंद असतो. दोन मीटर उंच खोली चढली की एका बाजूला दोन माणसं सरकली तरी कलंडेल. रुंद, उथळ बसणारा ड्रमचा तराफा घ्या.

माप: ५.४ मीटर लांब, ३ मीटर रुंद. २०० लिटरचे निळे प्लॅस्टिक ड्रम २४, चार रांगांत सहा-सहा. दोन रांगा डाव्या कडेला, दोन उजव्या कडेला, मधे मोकळी जागा. वजन कडेला तरंगत असेल तर तराफा झुकत नाही, म्हणून ड्रम मधे सरकवण्याचा मोह टाळा. एक ड्रम पूर्ण बुडाला तर २०० किलोच्या आसपास उचलतो, पण हिशेब निम्म्याचाच धरावा, म्हणजे १०० किलो. २४ ड्रम, २४०० किलो.

आता वर काय चढतं ते बघा. १.८ बाय १.४ मीटरची, २ मीटर उंच खोली धरली तर:

- शेगडी ४५ किलो, दगड ३०, धुराडं आणि उष्णतारोधक पत्रे २०
- लाकडी सांगाडा ६५, रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) ३७, आतल्या फळ्या ८८, बाहेरचा पत्रा ६१
- बाकं आणि जमिनीची जाळी ३७, दार २०

खोलीचे ४०० किलो झाले. पाणी आणि सरपण ५५, चार माणसं २८०, लोखंडी चौकट आणि वरच्या फळ्या ४५०, नांगर-दोर-शिडी ५०, ड्रमांचं स्वतःचं वजन २१६. एकूण १४५० किलोच्या आसपास. उचलण्याची ताकद २४०० धरली होती, म्हणजे भरपूर शिल्लक आहे आणि ती तशीच राहू द्यावी. पुढे कुणीतरी गच्चीवर बसायची कल्पना काढतो, कुणी मोठी शेगडी आणतो.

या वजनाला ड्रम साधारण २० सेंटिमीटर बुडतात, माणसं नसताना १७. तराफा पाण्यात उतरवला की त्याच दिवशी चारही कोपऱ्यांच्या ड्रमांवर पाण्याच्या रेषेशी तैलरंगाचा पट्टा मारा. पुढे दर आठवड्याला बघायचं एवढंच. एका कोपऱ्यात पट्टा पाण्याखाली गेला की त्या कोपऱ्याचा ड्रम पाणी पितोय.

ड्रम पाणी पितात ते बहुधा बुचाशी. दिवसभर उन्हात तापलेल्या ड्रममधली हवा रात्री आकुंचन पावते आणि बुचातून पाणी आत ओढते. म्हणून बुचाला टेफ्लॉन टेप, रबरी वॉशर, आणि ड्रम आडवा बसवताना दोन्ही बुचं पाण्याच्या रेषेच्या वर येतील असा फिरवून. कीटकनाशक किंवा ॲसिड भरलेला ड्रम कितीही धुतला असला तरी घेऊ नका.

चौकटीला ५० बाय ५० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो, सुमारे ६५ मीटर लागेल. ड्रमला भोक पाडून बोल्ट मारायचा नाही. ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा प्रत्येक ड्रमला दोन. वरच्या फळ्या २५ मिलिमीटर, दोन फळ्यांत ५ मिलिमीटरची फट, पाणी निथळायला. खोली ठीक मध्यावर न ठेवता थोडी मागे घ्या, पुढे ऐसपैस ओटा मिळतो. मागचं टोक तेवढ्याने सुमारे ४ सेंटिमीटर जास्त बसेल. सरपण, पाण्याचे कॅन आणि नांगर पुढे ठेवले की बरोबरी होते. खोली चढल्यावर चार जणांना एकाच कडेला उभं करून बघा. कड ५-६ सेंटिमीटर खाली गेली तर ठीक, १० च्या पुढे गेली तर कुठेतरी ड्रम किंवा हिशेब चुकलाय.

इंजिनाबद्दल आमचं मत: पहिल्या वर्षी लावूच नये. काठापासून शंभर-दीडशे मीटर आत जायला दोन लांब बांबू आणि दोन माणसं पुरतात. पेट्रोलची टाकी पेटत्या शेगडीच्या तराफ्यावर ठेवण्यासारखं काही गावातल्या तलावावर नडलेलं नसतं.

वीज की लाकूड

सौनाचा ढोबळ नियम असा: एक घनमीटर हवेला एक किलोवॅट. आपली खोली ५ घनमीटरची, काचेची छोटी खिडकी धरून ६ किलोवॅट. दीड तासाला ९ युनिट. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते, आयुष्य टिकवायचं तर निम्मी वापरायची, म्हणजे ०.९. अशा १० बॅटऱ्या लागतील. एकेक ५० किलोच्या पुढची. खोलीपेक्षा बॅटऱ्या जड! तेव्हा लाकूडच.

४५ मिनिटं तापवणं आणि वर तास-दीड तास बसणं, याला ६ ते ८ किलो कोरडं सरपण लागतं. धुऱ्यावरची बाभूळ उत्तम: जड, हळू जळणारी, निखारा धरणारी. दंडाएवढे जाड, ३० सेंटिमीटर लांबीचे फाटे करून एक उन्हाळा सावलीत वाळवा. बांबूच्या पेरात हवा कोंडलेली असते, तो फटाक्यासारखा फुटून निखारे उडवतो. तराफ्यावर तो जाळायचा नाही. पेटवायला कापसाच्या पऱ्हाट्या झकास, फक्त मूठभर.

शेगडी आणि धुराडं

तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून शेगडी करून घेता येते. जळणाची पेटी ५ ते ६ मिलिमीटर प्लेटची, आतून ४० सेंटिमीटर खोल, ३० रुंद, ३५ उंच. खाली बिडाची जाळी आणि राखेचा ट्रे. पेटीच्या वर आणि दोन बाजूंना सळ्यांचा पिंजरा, त्यात ३० किलो दगड. ३ मिलिमीटरचा पत्रा वापरू दिला तर दोन मोसमांत वरची प्लेट वाकते. वेल्डिंगवाल्याला नुसतं 'मजबूत कर' म्हणू नका, प्लेटची जाडी कागदावर लिहून द्या.

धुराडं १०० मिलिमीटर व्यासाचं, स्टेनलेस स्टीलचं. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप स्वस्त मिळतो म्हणून लावू नका. तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो. शेगडीच्या जाळीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत किमान अडीच मीटर उंची हवी, नाहीतर ओढ लागत नाही. छपरातून जाताना पाइपच्या चहूबाजूंनी १०० मिलिमीटर लाकूड कापून काढा, पोकळी रॉकवूलने भरा, वर-खाली पत्र्याची चकती. टोकाला टोपी आणि ठिणग्या अडवणारी जाळी. जाळी महिन्याला झाडावी लागते. काजळीने बुजली की धूर खोलीत येतो आणि लोक शेगडीला दोष देतात.

शेगडी आणि लाकडी भिंत यात ५० सेंटिमीटर अंतर. एवढी जागा नसतेच, म्हणून भिंतीपासून ३० मिलिमीटर पुढे स्टीलचा पत्रा उभा करा, वर-खाली मोकळा राहील असा, मागून हवा वाहू द्या. एका पत्र्याने अंतर २५ सेंटिमीटरवर येतं, तसे दोन लावले तर साडेबारावर. पत्रा भिंतीला चिकटवून ठोकला तर काही उपयोग नाही. काम पत्र्याचं नसतं, मागच्या हवेचं असतं.

शेगडीखाली मात्र कंजुसी अजिबात नको, कारण तिथे खाली ड्रम आहेत आणि ते प्लॅस्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं. आधी लोखंडी ट्रे, चारही कडा ५ सेंटिमीटर वर वळवलेल्या, शेगडीच्या दाराच्या बाजूने ४० सेंटिमीटर पुढे आलेला. त्यात १० मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. त्यावर शेगडी, पायांवर, मधे हवेला वाट. फळ्यांच्या फटीतून पडलेला एक निखारा ड्रमवर टेकून राहिला की भोक पडतं आणि ते वरून दिसत नाही.

दगड

यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. वैनगंगेतले गोल गुळगुळीत गोटे दिसायला देखणे, पण त्यात पाणी मुरलेलं असतं आणि गारगोटी जास्त. तापवून वर पाणी टाकलं की ते फुटतात, कपच्या डोळ्यांच्या उंचीवर उडतात. चुनखडी तर तापून चुनाच होते आणि पाणी पडलं की फसफसते. वणी-चंद्रपूरकडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.

पाहिजे तो काळा पाषाण, घट्ट बेसाल्ट. पश्चिम विदर्भात क्रशरवर हवा तेवढा मिळतो. पूर्वेकडच्यांनी तिकडून दोन गोण्या मागवाव्यात. मुठीएवढे, ५ ते १० सेंटिमीटरचे, फोडलेले तुकडे निवडा. ज्यावर पांढरे ठिपके, बारीक भोकं किंवा शिरा दिसतात ते बाजूला काढा. उरलेले शेकोटीत लाल होईपर्यंत तापवा आणि चिमट्याने पाण्याच्या बादलीत सोडा. लांब उभं राहून, डोळ्यांवर चष्मा लावून. जो तडकला नाही आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याला खणखणीत वाजला तो पास. बद्द आवाज आला की टाकून द्या. निम्मे तरी बाद होतील, तेव्हा ६० किलो आणा. मोठे खाली, लहान वर, सैल रचा, हवा खेळली पाहिजे. दर मोसमाला उपसून तपासायचे.

भिंती, बाकं, दार

बाहेरून आत असा क्रम: रंगीत पत्रा, लाकडी सांगाड्यात ५० मिलिमीटर रॉकवूल, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, जोडांवर फॉइल टेप, मग १५ मिलिमीटरच्या पट्ट्या मारून हवेची फट, शेवटी १२ मिलिमीटरच्या फळ्या. फॉइल आतल्या बाजूलाच. उलट लावली तर वाफ रॉकवूलमध्ये शिरते, भिंत ओली होते आणि वजनाचा सगळा हिशेब हळूहळू बिघडतो. थर्माकोल इथे चालत नाही, मऊ पडतो आणि पेटतो. प्लायवूडही नको, गरम झालं की गोंदाचा वास डोळ्यांत जातो.

आतल्या फळ्यांना लाकडांत शिवण निवडा. हलकी, फिकी, फारशी वाकत नाही आणि हलक्या लाकडावर तापल्यावरही बसवतं. साग टिकतो, पण जड आणि तेलकट, बाकाला चटका देतो. पॅकिंगच्या पाइन पेट्यांच्या फळ्या स्वस्त पडतात. त्यांतून चीक गळतो, आणि ज्यांवर एमबी असा छाप असतो त्या विषारी वायूने प्रक्रिया केलेल्या असतात, त्या अजिबात नकोत. व्हार्निश, रंग काही लावू नका. स्क्रू मागच्या बाजूने घ्या. उघड्या डोक्याचा एक स्क्रू बाकावर राहिला तर तो कुठे लागतो ते सांगायला नको.

वरचं बाक ९५ सेंटिमीटरवर, पायाचं ५० वर, रुंदी ५५. आदर्श सौनात पाय दगडांच्याही वर असतात. तेवढी उंच खोली तराफ्यावर वारा धरते, म्हणून इथे तडजोड आहे आणि पाय थोडे गार राहतात.

दार बाहेर उघडणारं. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही, फक्त ढकललं की सुटणारा बॉल कॅच. ओलीने लाकूड फुगतं, म्हणून दाराला चहूकडे ५ मिलिमीटर सूट ठेवा. याबाबतीत कुणाचंही ऐकू नका.

हवा आत येण्यासाठी शेगडीजवळ जमिनीलगत १०० मिलिमीटरचं भोक, बाहेर जाण्यासाठी समोरच्या भिंतीत बाकाखाली तेवढंच. दोन्हींना बुच बसवायचं नाही. आग हवा खाते; बंद खोलीत ती कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला वासही नसतो. त्याचा अलार्म मिळतो, पण तो इतक्या उष्णतेत चालत नाही; दाराबाहेर, छपराच्या वळचणीला लावा.

पहिली तापवणी

शेगडी खोलीत बसवण्याआधी अंगणात, दगडांशिवाय दोनदा पेटवा. रंगाचा आणि वेल्डिंगच्या तेलाचा धूर तिथेच निघून जाऊ दे. मग तराफा काठाला बांधून, माणसं न बसवता, पूर्ण तापमानापर्यंत न्या. दर दहा मिनिटांनी छपरातल्या पाइपजवळच्या लाकडाला, शेगडीमागच्या भिंतीला आणि ट्रेखालच्या फळीला हात लावा. हात टेकवून ठेवता येत नसेल तिथे अंतर किंवा पत्रा कमी पडलाय. दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बसताना

दोघं-तिघं आत, एक जण कायम बाहेर. तो आग, दोर आणि पाण्यात उतरलेल्याकडे लक्ष ठेवतो. ८ ते १२ मिनिटं बसणं, बाहेर येऊन दम घेणं, मग शिडीने पाण्यात. सूर मारायचा नाही. एक तर खाली ठुंठ असू शकतं, दुसरं म्हणजे तापल्या अंगाला एकदम गार पाणी लागलं की श्वास अडकतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय बसू नये. मोहाची घेऊन तर कुणीच नाही. लाइफ जॅकेट माणशी एक, ६ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराबाहेर, दोर बांधलेली बादली ओट्यावर. नांगर एक आणि काठाला दोर एक; वारा सुटला की खोली शिडासारखी वारा धरते आणि तराफा वाहवत जातो.

दगडांवर पाणी टाकायला नारळाच्या करवंटीची लांब दांड्याची पळी घ्या, स्टीलची पळी हात भाजते. एका वेळी अर्धी पळी, आणि पाणी पिण्याच्या कॅनमधलं. तलावाचं टाकलंत तर शेवाळाचा वास तासभर जात नाही.

खोलीत धूर कोंडला तर आधी सरपण तपासा, मग टोपीची जाळी, मग वारा धुराड्यावर कुठून येतोय ते. तराफा फिरवून दार वाऱ्याच्या आडोशाला घेतलं की बहुतेक वेळा काम होतं. डोकं भाजतं आणि पाय गारठतात असं फारच झालं तर बाकाखालचं भोक बुजलंय का ते बघा.

संपल्यावर दार सताड उघडं ठेवून उरलेल्या निखाऱ्यांवर खोली अर्धा तास वाळू द्या. बुरशीवर याहून चांगलं औषध नाही. राख पाण्यात ओतायची नाही, जिवंत निखारा तरंगत ड्रमला येऊन टेकतो. झाकणाच्या डब्यात भरून दुसऱ्या दिवशी शेतात टाका. साबण-शाम्पू घरी.

फेब्रुवारी संपला की दगड उतरवा, धुराडं काढून तोंडावर डबा पालथा घाला, आणि तराफा तलावाच्या सर्वांत वरच्या पाणरेषेच्याही वर ओढून झाडाला बांधा. पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते गावातल्या म्हाताऱ्या ढिवराला विचारा, आणि तो सांगेल त्याच्या दोन हात वर बांधा.